टक्कर झाल्यावरचं बोला

धाराशिवच्या बसस्थानकासमोर दोन मोटारसायकली एकमेकींना नुसत्या घासून गेल्या, आरशाला आरसा लागून 'टक्' झालं, तर त्यानंतर अर्धा तास जे काही बोललं जातं ते सगळं त्या 'टक्'च्या आधीचं असतं. "दिसंना का?" हा पहिला प्रश्न. "कसं चालवायलास?" हा दुसरा. मग कोण कुठल्या अंगानं आला, हॉर्न कोणी दिला, मोबाइल कोणाच्या खांद्यात दाबलेला होता, यावर दोन्ही बाजूंची कैफियत होते. तोवर चहाच्या गाड्यावरून पंच येऊन उभे राहिलेले असतात. त्यांच्यापैकी एकानंही टक्कर पाहिलेली नसते, पण टक्करीच्या आधीचं मात्र प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. भौतिकशास्त्राला या सगळ्या पुराव्यात फारसा रस नाही. टक्करीची जात ठरवताना ते येण्याचा वेग नुसता टिपून ठेवतं आणि मग एकच गोष्ट विचारतं: आपटल्यावर एकमेकांपासून किती वेगानं लांब गेलात? आला होतात त्याच वेगानं दूर झालात तर टक्कर स्थितिस्थापक, थोड्या कमी वेगानं झालात तर अस्थितिस्थापक, आणि दूर झालाच नाहीत, चिकटूनच बसलात, तर पूर्ण अस्थितिस्थापक. माझं म्हणणं असं की हा 'नंतरचा' प्रश्न या जिल्ह्याला अजिबात परका नाही. इथं तो काही शतकं विचारला जातोय, आणि तो शिकवण्यासाठी पुस्तकांनी गुळगुळीत टेबलावरच्या गुळगुळीत चेंडूंपर्यंत जायचं काही कारण नव्हतं. धाराशिव जिल्ह्यात गुळगुळीत पृष्ठभाग मिळणं अवघड आहे, टक्करी मात्र मुबलक आहेत.

आधी हिशेबाची पद्धत सांगायला हवी. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे आणि त्यात संवेग भेटतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि त्याला दिशाही असते. दोन वस्तू आपटल्या की एकीच्या खात्यातून जेवढा संवेग वजा होतो तेवढाच दुसरीच्या खात्यात जमा होतो आणि बेरीज होती तिथंच राहते. या सिद्धांताच्या नावात पुस्तकानं 'अक्षय्य' हा शब्द घातला आहे. अक्षय्य तृतीयेला घेतलेलं सोनंसुद्धा पुढं मोडावं लागतं, पण संवेगाच्या अक्षय्यतेला आजवर मोड आलेली नाही. शेजारी दुसरी वही गतिज ऊर्जेची. तिच्यात मात्र 'किरकोळ खर्च' नावाचा रकाना आहे, आणि सगळे गैरव्यवहार तिथंच होतात. आवाज, उष्णता, चेपलेला मडगार्ड, फुटलेला इंडिकेटर, हे सगळं त्या रकान्यातून जातं. ऊर्जा जगातून नाहीशी होत नाही हे खरं, पण गाडीच्या गतीतून निघून मडगार्डाच्या पोच्यात गेलेली ऊर्जा परत मिळवून दाखवणारा गॅरेजवाला अजून जन्मायचा आहे. थोडक्यात, पहिली वही नेहमी जुळते, दुसरी जवळजवळ कधीच जुळत नाही, आणि दुसरीत किती तूट आली यावरून टक्करीची जात ठरते.

आता तेर. ढोकीच्या शेजारचं हे गाव म्हणजे जुनं तगर. रोमशी व्यापार करणाऱ्यांच्या जुन्या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचं नाव आहे. मराठी माणसाला मात्र तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांमुळे. परंपरेनं सांगितली जाणारी कथा अशी की गोरोबांकडे संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं पाहून हे काय म्हणून विचारलं. मडकं कच्चं की पक्कं हे यानं कळतं, असं गोरोबा म्हणाले. आणि मग मुक्ताबाईंच्याच सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर एकेक थापटणं मारून पाहिलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले, आणि निकाल लागला: हे मडकं कच्चं. आता या प्रसंगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेनं पाहा. इथं कोणी कोणाला 'तू कुठून आलास, तुझा वेग किती' असं विचारलेलं नाही. थापटण्याचा ठोका सगळ्यांना सारखाच. परीक्षा आहे ती फक्त ठोक्यानंतरची. इतकी स्वच्छ मांडणी आमच्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांमध्येसुद्धा नसते. तिथं निष्कर्ष आधी लिहून मग निरीक्षणं भरायची पद्धत आहे.

कोणी म्हणेल, दृष्टांत उलटा पडतो. पक्कं मडकं ठोकल्यावर खणखणतं आणि कच्चं बद्द वाजतं. इथं तर पक्के संत गप्प राहिले आणि कच्च्या नामदेवांनी आवाज केला. आक्षेप चांगला आहे, पण तो आवाजाला खूण समजण्याऐवजी मूळ गुण समजतो. मडकं खणखणतं ते भाजल्यामुळे ठोक्यानं दबून लगेच मूळ आकारावर येतं म्हणून. कच्च्या मातीवर ठोका बसला की तो तिथंच राहतो. बोटाचा ठसा, थापटण्याचा ठसा, काहीही. थापटणं निघून गेल्यावर पोचा उरला की नाही, एवढाच प्रश्न आहे. ज्ञानेश्वर, सोपान, मुक्ताबाई यांच्यात पोचा उरला नाही, नामदेवांच्या मनात उरला. पण इथं भौतिकशास्त्र गोरोबांच्या बाजूनं आणखी एक साक्ष देतं. कच्चेपणा हा मातीचा दोष नाही, कारण आकार घेण्याची ताकद कच्च्या मातीतच असते. पक्क्या मडक्याला आकार देऊ गेलं तर खापऱ्या होतात. कुंभार मडकं थापटतो तेव्हा आतून गोळ्याचा आधार धरतो, बाहेरून ठोके देतो, आणि प्रत्येक ठोक्याची ऊर्जा मातीच्या भिंतीत मुरवतो. त्या मुरण्यालाच घडण म्हणतात. नामदेव पुढं विसोबा खेचरांकडे गेले आणि घडले, हे कथेचं उत्तरार्धातलं उत्तर आहे. स्थितिस्थापक माणसाला गुरू करून देण्यात अर्थ नसतो. तो जसा गेला तसा परत येतो.

युरोपात हीच परीक्षा लोलकांवर झाली, आणि तीही उशिरा. १६४४ मध्ये देकार्तनं टक्करीचे नियम लिहिले. त्यांतला एक असा की लहान वस्तू मोठ्या स्थिर वस्तूवर कितीही जोरात आदळली तरी मोठी हलायची नाही. लहानानं आल्या वेगानं परत फिरावं. गावात हा नियम अजून अनेकांना मान्य आहे, विशेषतः मोठ्यांना. पण तो चूक आहे. मोठा हलतो, कमी हलतो, पण हलतोच. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं टक्करीचे नियम मागवले आणि वॉलिस, क्रिस्टोफर रेन व हायगेन्स या तिघांनी उत्तरं पाठवली. वॉलिसनं न उसळणाऱ्या वस्तूंचा विचार केला, बाकीच्या दोघांनी उसळणाऱ्यांचा, म्हणजे टक्करींच्या दोन जाती तेव्हाच वेगळ्या झाल्या. पुढं न्यूटननं १६८७ च्या आपल्या ग्रंथात गोळे दोऱ्यांना टांगून, एकमेकांवर आदळवून, ते किती वेगानं विलग होतात ते मोजलं. घट्ट दाबलेल्या लोकरीचे गोळे आल्या वेगाच्या ५/९ वेगानं दूर झाले, पोलादाचे साधारण तेवढ्याच, आणि काचेचे १५/१६ वेगानं. काच जवळजवळ पूर्ण उसळी घेते हे वाचून दचकायला होतं, कारण काच म्हणजे फुटणारी, लोकर म्हणजे समजूतदार, अशी आपली कल्पना. पण तेरला हे ठाऊक होतं: जे कडक आणि पूर्ण भाजलेलं, ते ठोका परत करतं. मऊ मात्र तो पोटात घालतं. लोकर धक्का गिळून गप्प बसते, आणि त्यापायी एकमेकांकडे येण्याच्या गतीतली जवळजवळ सत्तर टक्के ऊर्जा गमावून बसते. घराघरांतल्या मोठ्या सुनांना हे वेगळं सांगायला नको.

खेळांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथं पोरांना सगळं येतं, फक्त नावं येत नाहीत. गोटीनं गोटीला सरळ नेमकं टिपलं की मारणारी जागच्या जागी थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन सुटते; दोघींचं वजन सारखं असल्याचा तो दाखला. कॅरममध्ये हे होत नाही. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत, सोंगटी साधारण पाच ग्रॅमची, म्हणजे तिप्पट फरक. अशा समोरासमोरच्या टक्करीत, नुकसान धरलं नाही तर, सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगानं पळते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगानं तिच्या मागोमाग जातो. म्हणूनच सोंगटी गेल्याच्या आनंदात असताना स्ट्रायकरही त्याच भोकात जातो आणि मिळवलेली सोंगटी परत ठेवावी लागते. संवेगाच्या नियमाचा याहून चोख दंड कुठल्या कलमात नसेल.

उस्मानाबादी शेळी जगात ओळखली जाते ती तिच्या काळ्या रंगामुळे, जुळ्या करडांमुळे आणि मटणामुळे. तिच्या बोकडाचं शैक्षणिक मूल्य दुर्लक्षित आहे. दोन तुल्यबळ बोकड मागच्या पायांवर उभे राहून समोरासमोर डोकी आपटतात तेव्हा टक्करीचा सगळ्यात फसवा प्रकार दिसतो. समजा दोघंही ३४ किलोंचे आणि दोघांचा वेग सारखा. एकाचा संवेग पूर्वेला, दुसऱ्याचा तेवढाच पश्चिमेला. बेरीज शून्य. आपटून दोघंही क्षणभर जागीच थिजले, तरी बेरीज शून्य. वही जुळली. हे ऐकल्यावर हमखास येणारा आक्षेप असा: आधी शून्य, नंतर शून्य, मग झालं काय? झालं ते दुसऱ्या वहीत. संवेगाला दिशा असल्यामुळे दोघांचे संवेग एकमेकांना खोडतात. ऊर्जेला दिशा नसते, म्हणून ऊर्जा खोडली जात नाही, ती जमतच जाते आणि शिंगांत, कवटीत, आवाजात उतरते. ग्रामसभेत दोन तुल्यबळ गट ठरावाला विरुद्ध दिशांनी ढकलतात तेव्हा ठराव इंचभरही हलत नाही, आणि तरी सभागृह तापतं. इतिवृत्तात 'चर्चा झाली, विषय पुढील सभेत' असं लिहितात ते संवेगाच्या वहीला धरून बरोबरच असतं. उष्णतेची नोंद ठेवायचा नियम ग्रामपंचायतीला नाही.

आपल्या भाषेनंसुद्धा हे जाणलेलं दिसतं. टाळी एका हातानं वाजत नाही, हा न्यूटनचा तिसरा नियम न्यूटनशिवाय आपल्याकडे आहेच. टक्कर 'देतात' आणि टक्कर 'घेतात', पण दोन्ही क्रिया एकाच क्षणी, सारख्याच बळानं होतात. वर्तमानपत्रांनी मात्र यात एक खोडी केली आहे. निवडणुकीच्या निकालात 'कडवी टक्कर दिली' हे वाक्य फक्त हरलेल्या उमेदवाराच्या वाट्याला येतं. जिंकलेल्यानं तेवढीच दिलेली असते, पण त्याला मतं मिळाल्यामुळे टक्कर मिळत नाही.

'आधीचं' बिनमहत्त्वाचं असेल तर मग वेगाचं काय, असं विचारणाऱ्यानं कोजागरीच्या सुमाराला सोलापूरहून तुळजापूरच्या रस्त्यावर उभं राहावं. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची ती वाट लाखो माणसं पायी चालतात, रात्रभर. पाय दुखतात, फोड येतात, पण एवढ्या गर्दीच्या मानानं धडका फार थोड्या लागतात. कारण सगळ्यांचा वेग साधारण सारखा आणि दिशा एकच. शेजारच्याच्या हिशेबानं शेजारचा उभाच असतो. टक्करीला लागतो तो एकमेकांच्या सापेक्ष वेग. आता याउलट तुळजापूरच्याच स्थानकावर एसटी येऊन थांबली की दारात पाहा. उतरणारे चाळीस, चढणारे साठ, दार एक, दिशा दोन. कुणाचाही वेग मुंगीपेक्षा जास्त नसतो, पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या नेमका उलट असतो, आणि म्हणून लाखांच्या रस्त्यावर होत नाही ती कुस्ती शंभरांच्या दारात होते. हायगेन्सनं कालव्यातल्या होडीतला माणूस आणि काठावरचा माणूस, असे दोघं कल्पून हेच मांडलं होतं: होडीतून पाहिलं काय, काठावरून पाहिलं काय, टक्करीचा नियम एकच निघायला हवा. त्याला होडी घ्यावी लागली, कारण त्याच्याकडे एसटी नव्हती. या दारातल्या लढाईत एकच वस्तू अजिंक्य आहे, ती म्हणजे खिडकीतून आत टाकलेला रुमाल. त्याचं वस्तुमान नगण्य, सीटवर पडल्यावर वेग शून्य, म्हणजे संवेगही शून्य. आणि तरीही ऐंशी किलोंचा पैलवान त्याला हलवू शकत नाही. या घटनेचं स्पष्टीकरण भौतिकशास्त्राकडे नाही.

चिकटून राहण्याच्या टक्करीचं उदाहरण पुस्तकात बहुधा आगगाडीच्या डब्यांचं असतं, आणि तेही या जिल्ह्यातलंच म्हणता येईल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं काढलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, आणि पुढं येडशी, ढोकी, तेर करत १९११ मध्ये लातूरला पोचली. समजा अशा एखाद्या स्टेशनात २० टनांचं इंजिन सेकंदाला एक मीटर वेगानं मागं येऊन ५ टनांच्या उभ्या डब्याला भिडलं आणि कडी अडकली. आता २५ टन एकत्र चालणार, संवेग तेवढाच, म्हणून वेग ०.८ मीटर. ऊर्जा मात्र पाचवा हिस्सा गेली. त्या पाचव्या हिश्शातूनच तो 'खडाड्' आवाज येतो आणि बाकावरची पिशवी खाली पडते. युती-आघाड्यांचंही असंच. दोन पक्ष एकत्र आले की एकत्रित वेग आधीच्या वेगवान पक्षापेक्षा कमी होतो, आणि जो हिस्सा जातो त्याला जागावाटप म्हणतात. पण मला या प्रकाराबद्दल आदर आहे. सगळ्यात जास्त ऊर्जा इथं जाते हे खरं, तरी गाडी पुढं जाते ती अशाच टक्करींनी. डबे पूर्ण स्थितिस्थापक असते तर इंजिन भिडताच डबा तेरच्या दिशेनं एकटाच सुटला असता. जाता जाता: हाच कॅलथ्रॉप पुढं हवाई छत्र्यांच्या मागं लागला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. जमिनीशी होणारी माणसाची टक्कर सौम्य कशी करावी, हा प्रश्न अडीच फुटी गाडीतल्या प्रवाशांकडे बघून सुचला असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे, पुरावा नाही.

जोडणीची चित्रफीत उलटी फिरवली की परंड्याची तोफ मिळते. व्यासपीठावर कोणी जोरात बोलू लागला की निवेदक त्याला 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो. ती खरी तोफ, मलिक-ए-मैदान, १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि पुढं परंड्याच्या किल्ल्यावर होती. वजन सुमारे ५५ टन, तोंड सत्तर सेंटिमीटरचं. समजा ४०० किलोंचा दगडी गोळा तिच्यातून सेकंदाला २०० मीटर वेगानं सुटला. बार होण्याआधी तोफ आणि गोळा दोन्ही स्तब्ध, बेरीज शून्य. म्हणून बार झाल्यावरही शून्यच. गोळ्याला पुढं ८०,००० एकक संवेग मिळाला तर तोफेला मागं तेवढाच मिळणार, आणि ती सेकंदाला दीड मीटरच्या आसपास, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्या वेगानं, मागं सरकू पाहणार. ५५ टन रमतगमत मागं येत असताना मागं कोणी उभं राहायचं नसतं. वक्त्याला तोफ म्हणणाऱ्या निवेदकांनी हा उलटा धक्का कधीच लक्षात घेतलेला नाही. घेतला असता तर खुर्च्या व्यासपीठाच्या मागच्या बाजूला मांडल्या नसत्या. पक्षफुटीतही हेच गणित चालतं. फुटून निघालेला लहान गट दणक्यात सुटतो, मूळ पक्ष थोडासाच मागं सरकतो, आणि दोघांच्या गतीला लागणारी ऊर्जा कोणाच्याच अंगात आधी दिसत नव्हती, कारण ती दारूत होती. दारू कोणी भरली याची चौकशी समिती नेमतात, पण बार झाल्यावर दारू सापडत नसते. ही तोफ आता परंड्याला नाही. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली गेली. धक्क्यानं सरकत गेली नाही, ओढून न्यावी लागली.

यावर जाणकार शेवटचा आक्षेप घेतात: हे सगळं कागदावर ठीक, पण रस्त्यावर घर्षण आहे, ब्रेक आहे, खड्डा आहे, संवेग कुठं अक्षय्य राहतो? मोटारसायकल घसरत जाऊन थांबते, तिचा संवेग कुठं गेला? जमिनीत गेला, पृथ्वीला मिळाला. पृथ्वी एवढी जड की तिच्या वेगातला फरक कुणालाही मोजता येणार नाही, पण वहीत नोंद होते. शिवाय खुद्द टक्कर क्षणाच्या एका लहानशा तुकड्यात उरकते. तेवढ्यात घर्षणाला फार काही करता येत नाही, ते आपलं काम नंतर सावकाश करतं. पंचांसारखंच.

उसाच्या ट्रॉलीपुढं मात्र या लेखातली थट्टा थोडी आवरती घ्यावी लागते. हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री कारखान्याकडे निघतो. समजा सगळं मिळून २० टन, वेग सेकंदाला ४ मीटर. गुणाकार करा: ८०,०००. परंड्याच्या त्या कल्पित गोळ्याएवढाच संवेग, अगदी समसमान. ऊर्जेत मात्र गोळा ट्रॉलीच्या पन्नास पट भरतो, म्हणून गोळ्याला सगळे घाबरतात आणि ट्रॉलीला कोणी घाबरत नाही. 'सावकाश तर चालला होता' हे ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं ऊर्जेच्या वहीत खरं आहे, संवेगाच्या वहीत नाही. मागून अंधारात सेकंदाला १५ मीटर वेगानं ३०० किलोंची दुचाकी, माणसांसकट, येऊन थडकली आणि अडकली, तर ट्रॉलीचा वेग ४ वरून ४.१६ होतो. टेपच्या आवाजात चालवणाऱ्याला ते कळणारही नाही. दुचाकीचा वेग एका क्षणात १५ वरून त्याच ४.१६ वर येतो. धक्का दोघांना सारखा, संवेगाची देवघेव सारखी, वेगातला फरक मात्र एकाला नखाएवढा आणि दुसऱ्याला तासाला ३९ किलोमीटर. अठराव्या शतकात डच शास्त्रज्ञ स-ग्रावेसांदे यानं मऊ मातीत पितळी गोळे टाकून पाहिलं होतं: वेग दुप्पट केला की मातीत ओतल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आकडा चौपट होतो. ती माती कुंभाराची होती, म्हणून तिच्यातला पोचा पुन्हा थापटून बुजवता आला.

तेव्हा 'आधीचं' अगदीच निरर्थक आहे असं माझं म्हणणं नाही. येण्याचा वेग एवढी एकच गोष्ट माणसाच्या हातात असते, आणि तीही 'टक्' होईपर्यंतच. 'दिसंना का?' हा प्रश्नही योग्यच आहे, फक्त बसस्थानकासमोर तो फार उशिरा विचारला जातो. यंदा गाळप सुरू व्हायच्या आधी, दिवसाउजेडी, आपल्या किंवा शेजाऱ्याच्या ट्रॉलीच्या मागं जाऊन उभे राहा, मागच्या फळीकडे बघा आणि तिथं तो विचारा. लाल रिफ्लेक्टर लावलेला नसेल तर त्याच दिवशी लावून घ्या.